द्राक्षासवांतील औषधांशाची पारख

शाळेच्या वार्षिकांत वाईनचें नांव पाहून पालकांनीं भुवया चढवूं नयेत. आमचा विषय प्राशनाचा नसून परीक्षणाचा आहे. आम्हां घनसावंगीकरांत मोसंबीचा मान मोठा. परंतु आपल्याच जालना जिल्ह्यांतील कडवंची गांव द्राक्षांवर नांवारूपास आलें, तेव्हां हा विषय परका म्हणतां येत नाहीं.

बुरशी व कीड यांसाठीं वेलीवर औषधें फवारावीं लागतात. त्यांचा कांहीं अंश सालीवर राहतो. वाईन करितांना त्यांतील बराचसा चोथ्याबरोबर व गाळाबरोबर जातो. सगळाच जातो असें नाहीं. ज्या औषधास निराळी मर्यादा ठरलेली नाहीं, त्यास युरोपांत किलोभर द्राक्षांत ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. हजार क्विंटल ज्वारीच्या राशींत एक ग्रॅम मिसळावा, तसें हें प्रमाण!

तो ग्रॅम हुडकावा कसा? पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं वाईनमधील ८३ कीडनाशकें एकदम शोधण्याची रीत २००९ सालीं प्रसिद्ध केली. २० मिलिलिटर वाईनमध्यें तितकेंच सौम्य आम्ल घालून, एथिल ॲसिटेट नांवाच्या द्रवाबरोबर ती घुसळतात. औषधें पाणी सोडून या द्रवांत उतरतात. सोबत आलेले रंग व आम्लें विशिष्ट भुकट्यांकडून शोषून घेतात. उरलेला अर्क वायुरूप करून केंसासारख्या बारीक, लांब नळींतून सोडतात. जत्रेंत कोणी झपाझप चालतो, कोणी दुकानादुकानापाशीं रेंगाळतो, तशींच द्रव्यें निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात. पुढें त्यांच्या कणांस विद्युद्भार देऊन धांवावयास लावितात. हलके आधीं पोंचतात, जड मागून. त्यावरून द्रव्याची ओळख पटते. यंत्रांतील हा सारा प्रवास ३१ मिनिटांचा.

तथापि जाळें जसें टाकावें, तसाच मासा सांपडतो. २०१० सालीं भारतीय द्राक्षें युरोपच्या बंदरांत अडकून पडलीं, तीं क्लोरमेक्वाटमुळें. वेलीची अवास्तव वाढ रोखण्यासाठीं छाटणीनंतर तें देत असत; परंतु येथील तपासणीच्या यादींत त्याचें नांवच नव्हतें. शिवाय तें मिठाच्या जातीचें, पाण्यालाच चिकटून राहणारें. एथिल ॲसिटेटमध्यें उतरत नाहीं. वाईनच्या वरील रीतींतूनहि तें निसटलेंच असतें. दाखला निर्दोष, माल सदोष. आणि फटका बसला तो बागाईतदारांस.

पुढें मिथेनॉलच्या साहाय्यानें त्याची वेगळी परीक्षा होऊं लागली. नमुन्यासोबत फवारणीची वही असली, तर कोणतें जाळें टाकावें हें परीक्षकास आधींच कळतें.