लेकाची एस्टीम आणि माझा सोऱ्या

आमच्या दारात २००५ सालची पांढरी एस्टीम उभी आहे. मामंजींनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. पुढे दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, ते मॉडेल बंद झालं. पण मामंजींनी गाडी पोटच्या पोरासारखी जपली. ते गेले आणि गाडी कडुनिंबाखाली धूळ खात पडली. भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला. डिप्लोमा संपवून नुकत्याच नोकरीला लागलेल्या आमच्या लेकानं मात्र जाहीर केलं, ‘‘आई, ही आता माझी प्रोजेक्ट कार!’’

मला वाटलं, धुऊनपुसून चालू करेल. कसलं काय! एका जमान्यात रॅलीतून एस्टीम पळायच्या, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. कधीतरी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर जायचं स्वप्न. बलेनोचं १६०० सीसीचं इंजिन बसवायचं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा, गाडी खाली जमिनीलगत आणायची... यादी वाढतच होती.

मी सरळ ‘नाही’ म्हटलं. बचत गटाच्या कामाबरोबरच मी सीपीआर रुग्णालयात अपघातग्रस्तांच्या नातेवाइकांना कागदपत्रांसाठी मदत करते. विशी-बाविशीच्या पोरांच्या आया तिथं कशा बसलेल्या असतात, ते रोज बघते. त्यामुळं ‘पिकअप’ हा शब्द ऐकला तरी माझ्या पोटात गोळा येतो. का नाही, कुठलं नाही, हे काही मी बोलले नाही. नुसतं नाही. आणि तिथंच माझं चुकलं.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावातून आमच्या गटातल्या मावशींच्या सुनेला तपासणीसाठी कोल्हापूरला आणायचं होतं. सातवा महिना. एसटी चुकलेली. लेकाला म्हटलं, ‘‘गाडी काढ.’’ तो जरा घुटमळला, पण निघाला. गाडी बुटकी दिसत होती. विचारलं तर म्हणाला, ‘‘स्प्रिंगा बदलल्यात.’’

पहिल्या पावसाचे खड्डे. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की माझे दात एकमेकांवर आपटले. पुढून ‘खाट्‌’ असा आवाज आणि मग टायर घासल्याची घरघर. मागं पोरीनं दोन्ही हातांनी पोट धरलेलं. मावशी ‘‘आई अंबाबाई!’’ करत तिला सावरत होत्या. लेकानं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. त्याचे हात थरथरत होते. दुसरी गाडी मिळवून आम्ही तिला दवाखान्यात पोचवलं. सगळं ठीक होतं, बाळाचे ठोके उत्तम. पण तो तासभर मी कसा काढला, मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उद्यमनगरात मामंजींच्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. सगळं उद्यमनगर त्यांना चाचा म्हणतं. चाचांनी जॅक लावला, खाली लोखंडी घोडी ठेवली, चाक काढलं आणि मला हाक मारली, ‘‘वहिनी, इकडं या. हात लावून बघा.’’ चाक लटकत असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट बसलेली असायला हवी. ही हातानं हलत होती! कुण्या गॅरेजात पाचशे रुपयांत ग्राइंडरनं दीड-दीड वेढा कापून दिला होता. मला न सांगता.

‘‘कापलेली स्प्रिंग कडक होते, आणि दबायला जागाही कमी उरते,’’ चाचा म्हणाले. म्हणून खड्ड्यात सगळं वजन थेट आदळतं. त्यात चाकं वरून आत झुकलेली. झिजलेल्या चपलेसारखी टायरची आतली कड गुळगुळीत झालेली.

मग मी शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणजे काय, ते विचारलं. स्प्रिंग म्हणजे झोपाळा, गाडीचं वजन तोलणारी. पण झोपाळ्याला धक्का दिला की तो डुलतच राहतो. तो थांबवणारा हात म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर. आत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं. मी म्हटलं, ‘‘म्हणजे चकलीचा सोऱ्याच की! जितका जोरात दाबाल, तितका तो विरोध करतो.’’ चाचा हसले. लेकाला म्हणाले, ‘‘तुझ्या कॉलेजातल्या सरांनी असं सांगितलं होतं का रे?’’

त्या दिवसापासून मी ‘नाही’ म्हणणं थांबवलं आणि यादी हातात घेतली. इंजिन बदलायचा विषय माझ्या वकील मैत्रिणीनं संपवला. आरटीओच्या परवानगीशिवाय ते होत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेला बदल नेमका अपघाताच्या वेळी आडवा येतो. ‘‘मूळच्या ८५ हॉर्सपॉवरमध्ये काय कमी आहे?’’ मी विचारलं. तो गप्प.

त्यानं साठवलेल्या पैशांतून मग आधी ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, ते उकळलं तर पाय नुसता खाली जातो, हे मला नवीनच. मग चांगले टायर, मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा आणि गॅस भरलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर. तेही जोडीनं, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असं चालत नाही. बुश लेथवर कडक मटेरियलचे करून घ्यायचे त्याच्या मनात होतं. चाचांनी रबराचेच लावायला लावले. ‘‘रेस लावायची असेल तर कडक. आईला बसवायचं असेल तर रबर.’’

चार रविवार लागले. मी चहा, पोहे आणि अधूनमधून टॉर्च. स्प्रिंग दाबायचं यंत्र लावलं तेव्हा चाचांनी मला लांब उभं केलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. लेकाला त्यांनी एक मात्र शिकवलं, ते मी लक्षात ठेवलंय. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट चाक हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचा नाही. गाडी जमिनीवर टेकवायची, तिचं वजन तिच्यावर येऊ द्यायचं आणि मग आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट. त्याची छापील पट्टी लेकानं फ्रिजवर चिकटवली, दहावीच्या मार्कलिस्टसारखी!

सप्टेंबरात मावशींच्या सुनेला मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला घरी सोडायला मावशींनी गाडी मागितली, तेव्हा मीच बिचकले. ‘‘ताई, खड्डे अजून हायेत, पण तुमचा पोरगा हाय न्हवं?’’ त्या म्हणाल्या. त्या खड्ड्याजवळ लेकानं वेग कमी केला. गाडी खाली गेली, एकदाच वर आली आणि थांबली. बाळ झोपेतच होतं.

२०२५ मध्ये गाडीची पुनर्नोंदणी झाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती करावी लागते. निरीक्षकांनी गाडीखाली वाकून बघितलं, ब्रेक तपासले आणि ‘‘कुणी काम केलंय?’’ एवढंच विचारलं. लेक चार दिवस हवेत होता.

शंकूच्या आकाराचा एक एअर फिल्टर मात्र त्यानं त्या आधीच्या उत्साहात घेऊन ठेवला होता. चाचांच्या मते त्यानं आवाज वाढतो, ताकद फारशी नाही. उलट इंजिनाजवळची गरम हवा आत जाते. तो खोक्यासकट आमच्या माळ्यावर आहे. दिवाळीची भांडी काढायला वर चढला की लेक तो हळूच पुसून परत ठेवतो. मी खालून विचारते, ‘‘सोऱ्या सापडला का?’’