पडद्यावरचा धर्म

सुरत जिल्ह्यातील तडकेश्वर येथे १९१८ साली जन्मलेले अहमद दीदात लहानपणीच दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे दुकानात नोकरी करीत असता ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रश्नांनी ते बेजार झाले. त्यांची उत्तरे त्यांना रहमतुल्ला कैरानवी यांच्या ‘इझहारुल हक’ या ग्रंथात सापडली. कैरानवींनी १८५४ साली आग्र्यास पाद्री फाँडर यांच्याशी वाद केला होता. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी असेच झुंजले, हे वाचकांस ठाऊक आहेच. दुखावलेला स्वाभिमान सर्व धर्मांत सारखाच बोलतो.

पुढे साधन बदलले. दीदात यांचा जिमी स्वॅगर्ट या अमेरिकी धर्मोपदेशकाशी १९८६ साली झालेला वाद व्हिडिओ कॅसेटमधून घरोघर गेला. त्यांचाच कित्ता गिरवीत मुंबईच्या डॉ. झाकिर नाईक यांनी २००६ साली ‘पीस टीव्ही’ सुरू केला.

एकेकाळी हज यात्रेकरूंचे ‘मक्केचे द्वार’ म्हणविणाऱ्या सुरतेत इस्लामचे एकच रूप कधीच नव्हते. तेथे दाऊदी बोहरांचे विद्यापीठ आहे, रांदेर व नजीकच्या डाभेल येथे देवबंदी परंपरेचे मदरसे आहेत, आणि दर्ग्यापुढे माथा टेकविणारे भाविकही आहेत. पूर्वी तरुणास बहुधा आपल्या मोहल्ल्यातील मौलवीच ठाऊक असे. आता परस्परविरोधी मते एकाच पडद्यावर त्याच्यापुढे येतात. नाईक यांच्याविरुद्ध देवबंदने फतवे दिले, बरेलवींनीही विरोध केला. तथापि सुटाबुटातील, ग्रंथवचने मुखोद्गत असलेला इंग्रजी बोलणारा डॉक्टर शिकलेल्या तरुणास अधिक जवळचा वाटला.

२०१६ साली नाईक देशाबाहेर गेले आणि केंद्र सरकारने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली. परंतु बंदीने संस्था मिटते, जिज्ञासा मिटत नाही. खरा दोष वादसभेच्या रीतीतच आहे. प्रतिपक्षाची फजिती झाली की टाळ्या पडतात. वचन कोणत्या काळी, कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे विचारावयास कोणी थांबत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, ते हा विचारण्याचा हक्क मिळवावा म्हणूनच. त्या तरुणांना आज बंदीपेक्षा अशा सोबतीची गरज अधिक आहे.

आणि हे वाचून आम्ही हिंदूंनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. आमच्या घरची मुलेही धर्म मोबाइलवरच शिकू लागली आहेत, आणि तेथेही टाळ्या फजितीलाच पडतात. पडदा कोणाचाही असो, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. तो विचारण्याची सवय घरात आणि शाळेतच लागावयास हवी.