टोकनचं किती ऐकायचं?

वेबसाइटवर लॉगिन झालं की अनेक सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक टोकन देतात आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत तेच परत येतं. अशा टोकनचा एक प्रचलित साचा, म्हणजे जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन), २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ या मानकाने ठरवून दिला. टोकनवर सर्व्हर डिजिटल सही करतो. त्या सहीचं गणित सहसा कुणी स्वतः लिहायला बसत नाही. त्यासाठी लायब्ररी असते. मी पायथॉनमधली जेडब्ल्यूक्रिप्टो वापरते.

सही चार ओळींत होते. ३२ बाइटची गुप्त किल्ली तयार करायची, हेडरमध्ये 'एचएस२५६' हा अल्गोरिदम लिहायचा, मजकुरात वापरकर्त्याचा क्रमांक आणि टोकनची मुदत घालायची. मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. टर्मिनलवर उमटते अक्षरांची लांबलचक रांग; दोन टिंबांनी तिचे तीन तुकडे केलेले. मधला तुकडा बेस६४ मधून उलगडला की सगळा मजकूर समोर येतो. किल्ली लागतच नाही. नवखे प्रोग्रामर इथे दचकतात. पण डिजिटल सहीचा सातबाराही कुणालाही वाचता येतो. सही फक्त फेरफार उघडा पाडते. मजकुरातला क्रमांक बदलून टोकन पडताळणीला दिलं, तर लायब्ररी ते तिथेच नाकारते.

मजकूर झाकायचा असेल तर एन्क्रिप्शन हवं. आता तुकडे पाच होतात : हेडर, एन्क्रिप्ट केलेली किल्ली, सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, झाकलेला मजकूर आणि शेवटी पडताळणीचा टॅग. तोच मजकूर, तीच किल्ली घेऊन 'एचएस२५६' पुन्हा चालवलं तर टोकन अक्षरशः तेच येतं. एन्क्रिप्शनमध्ये मात्र टोकन दर वेळी नवं येतं, कारण सुरुवातीचा यादृच्छिक आकडा दर वेळी बदलतो. सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट केलं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती किल्ली कुणाकडेही असू शकते, म्हणून झाकलेलं टोकन नेमकं कुणी पाठवलं हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आधी सही करायची आणि ते सही केलेलं टोकन एन्क्रिप्ट करायचं.

खरी मेख पडताळणीत आहे. आपली सही कोणत्या अल्गोरिदमने तपासायची, हे टोकन स्वतःच हेडरमध्ये सांगतं. मानकात 'नन', म्हणजे सहीच नाही, असाही पर्याय आहे. २०१५ मध्ये उघड झालं, की काही लायब्रऱ्या असं बिनसहीचं टोकन बिनदिक्कत खरं मानत होत्या. काही ठिकाणी तर आरएसए या दुसऱ्या अल्गोरिदमची सार्वजनिक किल्लीच 'एचएस२५६' ची गुप्त किल्ली म्हणून वापरून घेता येत होती. जेडब्ल्यूक्रिप्टोही टोकन सही केलेलं आहे की एन्क्रिप्ट केलेलं, हे त्याच्या रूपावरून ओळखायची. सार्वजनिक आणि खासगी किल्ल्यांची एकच जोडी दोन्ही कामांना वापरली, तर सहीच्या जागी एन्क्रिप्ट केलेलं टोकन खपवता येत होतं. २०२२ मध्ये ही त्रुटी नोंदली गेली आणि अपेक्षित प्रकार सांगण्याची सोय आली.

म्हणून पडताळणीचा कोड लिहिताना मान्य अल्गोरिदमांची यादी आणि टोकनचा प्रकार मी स्वतः देते. घड्याळं थोडी मागेपुढे असतात म्हणून ही लायब्ररी मुदतीनंतरही ६० सेकंद सवलत देते. ती हवी की नको हेही ठरवावं लागतं. मग चाचण्यांमध्ये मुदत संपलेलं, बिनसहीचं, भलत्या किल्लीचं, चुकीच्या प्रकारचं अशी टोकनं मुद्दाम बनवून आत ढकलते. ती सगळी नाकारली गेली, तरच कोड पुढे जातो.