आईला घेऊन एक दिवस

दिवाळी सरली, पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटू लागली, की बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून एक बोलणे हमखास निघते. मुंबई-पुण्याहून मुले-सुना आलेल्या असतात, घरात आई किंवा वडील थकत चाललेले असतात आणि “यांना एक दिवस कुठेतरी फिरवून आणू” असा बेत ठरतो. मोटार मुलांनी ठरवायची, ठिकाण मुलांनी निवडायचे आणि आईने “तुम्ही म्हणाल तिथे” म्हणायचे, ही आता रीतच होऊन बसली आहे. बेत फसतो तो बहुधा येथेच.

दरबारी गवयाच्या पोटी जन्म घेतल्यामुळे एक गोष्ट मी लहानपणापासून पाहिली. बैठकीला निघण्यापूर्वी वेळ कोणती, ऐकणारे कोण आणि बसायचे किती तास, हे वडील आधी विचारून घेत. राग मागाहून ठरे. सहलीचेही असेच आहे. म्हाताऱ्या माणसाची लय विलंबित असते. दुपारपर्यंत तीन ठिकाणे उरकण्याची द्रुत तान त्यांना झेपत नाही आणि खरे म्हणजे रुचतही नाही. एका दिवशी एकच ठिकाण, हा पहिला नियम.

दुसरा प्रश्न पायऱ्यांचा. पावागडाचेच पाहा. बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. माचीपासून वर जायला १९८६ पासून दोरीवरचा पाळणा आहे खरा. पण पाळण्यातून उतरल्यावरही कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या चढाव्याच लागतात. नवरात्रात तर गर्दीत उभे राहायलाही जागा मिळत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गडाच्या पायथ्याशी चांपानेरला थांबावे. महमूद बेगड्याने १४८४ साली गड घेतला आणि खाली आपले नगर वसवले. तेथील जामी मशिदीचे खांब आणि नक्षी सपाट जमिनीवरून, सावलीत बसत बसत पाहता येते. २००४ साली या सगळ्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. बैजू बावरा चांपानेरचा, अशी दंतकथा आहे. आमच्यासारख्या गाणाऱ्यांना तेवढे निमित्त पुरते. वर पाहून देवीला हात जोडले, तरी नमस्कार पोचतोच.

केवडियाचा सरदारांचा पुतळा पाहायची नातवंडांना मोठी हौस असते. २०१८ साली उभा राहिलेला हा पुतळा १८२ मीटर उंच आहे आणि २०२१ पासून तेथवर आगगाडीही जाते. मात्र तो सोमवारी बंद असतो, आणि आवार एवढे विस्तीर्ण की दिवस तेथेच संपतो. त्याच वाटेवर, अलीकडे नर्मदेच्या काठी गरुडेश्वर आहे. वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी यांनी १९१४ साली तेथे देह ठेवला. कोकणातल्या माणगावचा हा संन्यासी गुजरातेत नर्मदाकाठी विसावला, म्हणून आपल्याकडच्या दत्तभक्त घरांना ते ठिकाण माहेरासारखे वाटते. दत्तजयंतीची गर्दी टाळून साध्या वारी जावे. पुतळा आणि समाधी दोन्ही एका दिवसात बसवण्याचा मोह होतो. तेव्हा दिवस नातवाचा आहे की आजीचा, हे आधी ठरवावे.

आजीचा असेल तर नारेश्वरही लक्षात ठेवावे. रंग अवधूत महाराज (१८९८–१९६८) मूळचे पांडुरंग वळामे, मराठी घरातले; त्यांची गुजराती ‘दत्तबावनी’ आज घरोघरी म्हटली जाते. त्यांनी संन्याशासारखे आयुष्य काढले, पण आईला अंतर दिले नाही. त्या माउलीचे स्मारक नारेश्वरला आहे. आईला घेऊन जाण्यासाठी याहून योग्य जागा सुचणे कठीण.

वडील इतिहासात रमणारे असतील तर तीसेक किलोमीटरवरचे डभोई बरे. हिरा भागोळीच्या वेशीवरचे शिल्प निवांत पाहावे. याच भागात १ एप्रिल १७३१ रोजी थोरल्या बाजीरावाने त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. पिलाजी गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. आपले पूर्वज या मुलखात कसे रुजले, ती गोष्ट सांगायला वडिलांना येथे आपसूक जोर चढतो. डभोई-मियागाम ही अरुंद रुळांची वाट १८६२ साली सुरू झाली तेव्हा तिच्यावरचे डबे बैल ओढीत. गरबीकार दयाराम याच गावी १८५३ साली वारले.

एवढी यादी माझ्यापाशी तयार असताना आमच्या आईने मात्र एका संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, “चांदोद किती लांब रे?” एवढेच विचारले. वडिलांच्या अस्थी आम्ही भावांनी तेथे नर्मदेत सोडल्या होत्या. बायकांनी घाटावर यायचे नाही, ही त्या वेळची घरची रीत. त्यामुळे तिने ती जागा कधी पाहिलीच नव्हती. चांदोदच्या घाटाला पायऱ्या पुष्कळ, म्हणजे माझ्या हिशेबात ते ठिकाण बसत नव्हते. तरी गेलो. अमावास्या-पौर्णिमा टाळली, सकाळी लवकर निघालो. आई वरच्या पायरीवरच बसली. मी खाली उतरून तांब्याभर पाणी आणले, ते तिने डोळ्यांना लावले. “कुठल्या बाजूला?” तिने विचारले. मी हाताने दाखवले. बराच वेळ ती तिकडे पाहत राहिली, मग दशम्यांचा डबा उघडून म्हणाली, “चल, खाऊन घे.” परतीच्या वाटेवर ती किती तरी दिवसांनी वडिलांविषयी मोकळेपणी बोलली.

तेव्हापासून मला कोणी विचारले तर सांगतो, की अंतर आणि पायऱ्या जरूर मोजा, पण त्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना “कुठे जायचे?” असे न विचारता “कोणती जागा पाहायची राहिली आहे?” असे विचारा. पहिल्याचे उत्तर “तुम्ही म्हणाल तिथे” असेच येईल. दुसऱ्याचे लगेच येणार नाही. चार दिवस थांबावे लागेल. कदाचित गरुडेश्वराचे नाव निघेल, कदाचित कीर्तिमंदिरातील नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांचे, किंवा सूरसागराकाठच्या जुन्या गायनशाळेचे. शेवटच्या दोन जागांना तर रिक्षाही पुरे. नाव निघाले की मात्र पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.