शहराचें सांडपाणी आणि आमचीं शेतें

शहरास जितकें पाणी पुरविलें जातें, त्याच्या पांच भागांपैकीं सुमारें चार भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतात, असें स्थापत्यशास्त्रांतील रूढ गणित आहे. दरडोई रोज १३५ लिटर धरल्यास पन्नास हजार वस्तीच्या गांवांतून रोज ५४ लाख लिटर सांडपाणी निघतें. हें पाणी जातें कोठें, हा प्रश्न एकट्या नगरपालिकेचा नव्हे. ओढ्याच्या खालच्या अंगास राहणाऱ्या प्रत्येक खातेदाराचा आहे.

अकोल्यास काटेपूर्णा धरणाचें पाणी येतें. शहराचें सांडपाणी मोर्णेंत उतरत आलें, व मोर्णा पुढें पूर्णेस मिळते. मोर्णेंत जलकुंभी इतकी माजली कीं १३ जानेवारी २०१८ रोजीं हजारों नागरिक ती काढण्यास पात्रांत उतरले. हें कार्य स्तुत्य होय. परंतु जलकुंभी ज्या नत्रावर पोसते, तें सांडपाण्यांतूनच येतें. मूळ न तोडतां वेल किती वेळां उपटावा?

शुद्धीकरणाची रीत कठीण नाहीं. प्रथम जाळीनें चिंध्या व कचरा अडवितात. नंतर वाळू खालीं बसवितात व निवळण-टाकींत जड मळ वेगळा करितात. पुढें पाण्यांत हवा खेळवितात, म्हणजे उपयुक्त जंतु विरघळलेली घाण खाऊन गाळाच्या रूपानें बसतात. ही रीत १९१४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं प्रसिद्ध केली. शेवटीं क्लोरीन देऊन रोगजंतु मारितात.

आतां शेतकऱ्याचा हिशेब पाहूं. एक एकरास दोन इंच पाणी देण्यास सुमारें दोन लाख लिटर लागतात. लिटरमागें ३० मिलिग्रॅम नत्र धरल्यास एका पाळींत ६ किलो, व पांच पाळ्यांत ३० किलो नत्र, म्हणजे सुमारें ६५ किलो युरियाइतकें खत जमिनींत जातें. वर सांगितलेल्या गांवाच्या पाण्यावर पंधरा दिवसांच्या पाळीनें सुमारें चारशें एकर भिजतील.

तथापि सावधगिरी हवी. आमची काळी जमीन चिकण आहे, व पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत क्षार मुळांतच अधिक आहे. सांडपाण्यांतील सोडियमनें अशी जमीन आणखी घट्ट होते व पाणी मुरत नाहीं. म्हणून पाण्याची व मातीची तपासणी आधीं करावी आणि निचऱ्याचे चर काढावे. नत्र अधिक झाल्यास कपाशी नुसती पाल्यावर जाते. यास्तव वरखत कमी करावें. कच्च्या खाण्याच्या भाज्यांस हें पाणी देऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरमागें जंताचें एकाहून अधिक अंडें नसावें, अशी मर्यादा घातली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर-धोरणाप्रमाणें शुद्धीकरण-केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आंतील औष्णिक विद्युत्केंद्रांनीं हें पाणी वापरावयाचें आहे. पारस अकोल्यापासून याच मर्यादेंत पडतें. तेव्हां ज्या पाण्यास काल कोणी विचारीत नव्हतें, त्यास आज वाटेकरी झाले आहेत. आम्हांस असें वाटतें कीं, नदीकांठच्या गांवांनीं एकत्र येऊन आपली गरज किती एकरांची व कोणत्या महिन्यांची, हें लेखी कळवावें आणि तपासणीचे आंकडे दर महिन्यास मागावे. कागदावर न आलेली मागणी वांटणीच्या वेळीं कोणी मोजीत नाहीं.