एका नळीतले दोन प्रश्न

स्तनाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या जनुकीय रक्ततपासण्या दोन प्रकारच्या आहेत. एक वारशाने आलेला धोका शोधते, दुसरी आत्ता शरीरात असलेल्या गाठीचा माग काढते.

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. रक्त घेताच नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करतात. जोरात हलवली तर पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर थर पडतात. तळाशी लाल पेशी. त्यांत केंद्रक नसते, म्हणून त्या इथे निरुपयोगी. त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ पापुद्रा आणि सर्वांत वर फिकट पिवळे रक्तद्रव.

वारशाने आलेल्या धोक्याचे उत्तर पापुद्र्यातल्या पेशींच्या डीएनएत असते. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती आले. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ तुटलेला डीएनए सांधण्याच्या कामी येतात. त्यांत घातक बदल असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. हा बदल वडिलांकडूनही येतो, त्यामुळे मावशीइतकीच आत्याच्या आजाराची चौकशी महत्त्वाची. नेमकी तीच अनेकदा राहून जाते. मात्र स्तनाच्या कर्करोगांपैकी जेमतेम ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात.

गाठीचा माग रक्तद्रवात काढतात. मेलेल्या पेशींतून सुटलेले, साधारण १६७ अक्षरजोड्यांचे डीएनएचे तुकडे त्यात तरंगतात. गाठ लहान असताना हजारात एकही तुकडा तिचा नसतो. साधी नळी तशीच ठेवली, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि उरलीसुरली खूणही बुडते. म्हणून काही तासांतच रक्तद्रव वेगळे करून पुन्हा फिरवतात. तुकड्यांवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांवरून ते कोणत्या अवयवातले, याचा अंदाज बांधतात. एवढे करूनही पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक गाठी निसटतात. सीए १५-३ हे रक्तातले प्रथिनही लवकर निदानासाठी भरवशाचे नाही.

त्यामुळे रक्ततपासणी आज मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. घातक बदल सापडलेल्या स्त्रियांना साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही सुचवतात. रक्ताचा अहवाल निर्दोष असला, तरी हाताला लागलेली गाठ डॉक्टरांना लगेच दाखवावी.