हिरडीवरून एकदाच

सोनं म्हटलं की बडोद्याच्या माणसाला मल्हारराव गायकवाडांच्या तोफा आठवतात. पण याच धातूचे कण इतके बारीक केले, की एका मिलिमीटरात हजारो शेजारी शेजारी मावावेत, तर सोनं पिवळं राहतच नाही, ते माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली लंडनमध्ये असा लाल द्राव बनवून त्याचा अभ्यास केला. घरी करायच्या एचआयव्ही चाचणीत जी गुलाबी रेघ उमटते, ती याच सोन्याची. हे कळल्यापासून ती रेघ मला साधी वाटेनाशी झाली आहे.

ओराक्विक ही अशी एक चाचणी. कांडीच्या टोकाला असलेला चपटा बोळा वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकेकदाच फिरवायचा आणि कांडी द्रावाच्या नळीत उभी करायची. ही चाचणी विषाणू शोधत नाही. थुंकीतून एचआयव्ही पसरतही नाही. रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) हिरडीच्या नाजूक त्वचेतून थोडी थोडी पाझरत असतात, ती बोळ्यावर येतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा द्राव पट्टीत वर चढतो आणि वाटेतले सोन्याचे कण प्रतिपिंडांना चिकटतात. पुढे एका जागी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे, प्रयोगशाळेत घडवलेले, दबा धरून बसलेले असतात. एचआयव्ही ओळखणारी प्रतिपिंडं तिथेच अडकतात, त्यांच्यासोबत सोनंही अडकतं आणि रेघ दिसू लागते. तिच्या वर आणखी एक रेघ असते, ती कोणत्याही मानवी प्रतिपिंडांना पकडते. बोळा हिरडीला लागलाच नसेल तर ती वरची रेघ उमटत नाही, आणि मग निकाल धरायचा नाही. चाचणी करणाऱ्याने आपलं काम नीट केलं का, हे पट्टी स्वतःच तपासते!

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले. ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि तपासायला रेल्वेने वेल्लोरला नेले. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने त्यांनी वाय. आर. गायतोंडे केंद्र उभारलं. १९८६ मध्ये ज्यासाठी रेल्वेचा प्रवास करावा लागला, ते आता वीस मिनिटांत तळहाताएवढ्या जागेत होतं.

पण मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. अमेरिकेने जुलै २०१२ मध्ये ओराक्विकच्या घरगुती विक्रीला परवानगी दिली. प्रशिक्षित हातांत ही कांडी लागण झालेल्या शंभरातल्या नव्याण्णवांना ओळखत होती. सामान्य माणसांनी स्वतः वापरली तेव्हा हे प्रमाण सुमारे ९२ वर आलं. म्हणजे दर बारा बाधितांमागे साधारण एक सुटला. कांडी तीच, रसायन तेच. घसरणीचं सगळं खापर हातांवर फोडता येणार नाही, तरी घरातला माणूस कुठे अडखळतो हे शोधणं किती गरजेचं, ते या आकड्याने दाखवून दिलं.

माणसं दात घासल्यासारखा बोळा पुन्हापुन्हा फिरवतात. बोळ्याला बोट लावतात. नळी कलंडते, म्हणून ती उभी ठेवायला संचातच जागा करावी लागली. पाकिटात ओल शोषणारी पुडी असते, ती खाऊ नये असंही छापावं लागलं. घाई होते, निकाल वीस मिनिटांनंतर आणि चाळीसच्या आत पाहायचा असतो. सगळ्यात अवघड असते ती फिकट रेघ. भ्यालेलं मन म्हणतं, नाहीच ती. पण फिकट असली तरी रेघ ती रेघच. रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या, अटोमो या कंपनीच्या उपकरणात सुई आणि रक्त शोषणारी नळी एकाच तुकड्यात बसवली आहे, टोचताच सुई आत जाते आणि फक्त १० मायक्रोलिटर रक्त पुरतं. डिझाइन म्हणतात ते हे: माणसाला आणखी हुशार व्हायला न लावता चुकीची वाटच बंद करायची.

आपल्याकडे हे लोकांना जमेल का, या शंकेचं एक उत्तर वर्ध्याजवळ मिळालं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. नितिका पंत पै आणि सहकाऱ्यांनी तोंडातून नमुना घेण्याची पद्धत ग्रामीण रुग्णांवर तपासली. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी अचूक ठरली आणि बहुतेकांनी सुईपेक्षा तिलाच पसंती दिली. तिथे नमुना घेणारे हात प्रशिक्षित होते, हे खरं. पण मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फ या घरगुती कोविड चाचणीच्या संचाला परवानगी मिळाली आणि घराघरांतल्या लोकांनी नाकात काडी घालून स्वतःच रेघा वाचल्या.

बडोद्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी मोफत होते, समुपदेशक असतो, गुप्तता पाळली जाते. तरीही रावपुऱ्यात दुकान असलेल्या माणसाला त्या रांगेत आपलं गिऱ्हाईक भेटेल ही धास्ती असतेच. समलिंगी पुरुषांना ती जास्त. त्यांच्यासाठी राजपिपळ्याच्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी २००० साली लक्ष्य ट्रस्ट सुरू केला, तो बडोद्यातही काम करतो. दाराला कडी लावून करता येणारी चाचणी अशा माणसासाठी पहिली पायरी आहे. मात्र पहिलीच. रेघ उमटली तरी निदान पक्कं होतं ते केंद्रावर, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतर. रेघ नाही उमटली, पण गेल्या तीन महिन्यांत धोका पत्करला असेल, तर पुन्हा तपासायला हवं, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. एचआयव्हीची औषधं आधीच सुरू असलेल्याने ही चाचणी करूच नये. ती खोटा दिलासा देऊ शकते.

आणि कांडी दुसऱ्याच्या हातात जबरदस्तीने देता येत नाही. सासरच्यांनी सुनेला, मालकाने कामगाराला ‘करून दाखव’ म्हणायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तपासणीला त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. माझं म्हणणं, हेही संचातल्या पत्रकावर चित्राने दाखवावं, मराठीत आणि गुजरातीत, आणि खाली १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा छापावा.